वाळूचा ढीग कुणी पाहिला?

१९९८ साली आमच्या गावात एक बालोद्यान झालं. त्याचा नकाशा मी काढला होता. तेव्हा मी एका वास्तुरचनाकाराच्या कार्यालयात ड्राफ्ट्समन होतो. मध्यभागी गोल कारंजं, भोवती फरसबंद पायवाट, एका कोपऱ्यात दोन घसरगुंड्या, चार झोपाळे, सी-सॉ आणि लोखंडी नळ्यांचा जंगलजिम, अशी ती बाग. काम सुरू असताना गावातल्या शाळांमधून 'माझ्या स्वप्नातली बाग' या विषयावर चित्रकला स्पर्धा घेण्यात आली. बालवाडीपासून चौथीपर्यंतच्या मुलांनी चित्रं काढली. मुलांच्या कल्पनेतून बाग साकारणार, असं सगळीकडे सांगितलं गेलं. प्रत्यक्षात नकाशा तीन महिन्यांपूर्वीच मंजूर झाला होता आणि खेळण्यांची ऑर्डरही गेली होती. उद्घाटनाला तीन मुलांना कंपासपेटी मिळाली, बाकीच्यांना प्रशस्तिपत्रक. चित्रांचा गठ्ठा आमच्या कार्यालयात येऊन पडला आणि पुढे रद्दीत निघाला, तेव्हा मी तो घरी आणला. का आणला, हे तेव्हा मला सांगता आलं नसतं.

बाग सुरू झाल्यावर पहिले आठ दिवस गर्दी होती. मग मुलं पातळ झाली. एका संध्याकाळी मी मुद्दाम बघायला गेलो. घसरगुंडीपाशी दोन-तीन मुलं होती. कुंपणापलीकडे एका इमारतीचं काम चाललं होतं आणि तिथे वाळूच्या ढिगावर पंधरा-वीस मुलं होती. एकानं सिमेंटच्या पिंपाचं झाकण आणलं होतं, दोघीजणी नारळाच्या करवंटीनं पाणी आणत होत्या, एक पाट खणला जात होता आणि तो कुठून वळवायचा यावर जोरदार भांडण चाललं होतं. राखणदार मधूनमधून त्यांना हाकलायचा. ती पांगायची आणि परत यायची.

हे आपल्याआधी कुणाच्या लक्षात आलं असेल का, हा प्रश्न त्या संध्याकाळी माझ्या मनात आला आणि मग सुटला नाही. पुढची वीसेक वर्षं नोकरी सांभाळून, ग्रंथालयांतून, जुन्या बाजारातून आणि नंतर संगणकावरून जे हाती लागेल ते मी वाचत गेलो. त्या वाचनातून जो इतिहास दिसला, तो इथे मांडतो आहे. ज्या वस्तू, जागा आणि साधनं मुलांसाठी म्हणून घडवली जातात, त्यांच्या घडणीत मुलांना कधी, कुणी आणि किती आत घेतलं, याचा हा इतिहास आहे.

भंगाराचं मैदान

पहिलं उत्तर मला डेन्मार्कमध्ये सापडलं. कार्ल थिओडोर सोरेनसेन (१८९३–१९७९) हे तिथले नामवंत उद्यानरचनाकार. त्यांनी मुलांसाठी मैदानं आखली होती. त्यांच्या लक्षात आलं की मुलं आखून दिलेल्या मैदानांपेक्षा बांधकामाच्या जागी आणि भंगाराच्या ढिगात जास्त रमतात. तिथे त्यांना हलवता, जोडता, मोडता येईल असं काही मिळतं. १९३१ साली उद्यानांच्या धोरणावर लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी सुचवलं की मुलांना जुन्या गाड्या, खोकी, लाकूडफाटा असलेली मैदानं मुद्दाम करून द्यावीत. माझा वाळूचा ढीग कुणीतरी सदुसष्ट वर्षं आधी पाहिला होता. फरक एवढाच की त्या माणसानं आपलं काम चुकलं, असं मानायची तयारी दाखवली होती.

सूचना प्रत्यक्षात यायला बारा वर्षं लागली. १९४३ साली, डेन्मार्क जर्मन फौजांच्या ताब्यात असताना, कोपनहेगनच्या एम्ड्रुप भागात कामगारांच्या सहकारी घरबांधणी संस्थेच्या वसाहतीत असं पहिलं मैदान सुरू झालं. भोवती मातीचा उंच बांध घातला, त्यावर झुडपं लावली. आत विटा, फळ्या, तारा, हातगाड्या, खिळे, हातोड्या, करवती, फावडी. घसरगुंडी नाही, झोपाळा नाही. मुलांनी गुहा खणल्या, घरं बांधली, ती पाडून पुन्हा बांधली. मैदानावर जॉन बर्टेल्सन नावाचे मार्गदर्शक नेमले होते. ते आधी खलाशी होते आणि नंतर बालशिक्षणाकडे वळले होते. मैदानावर आपण मुलांना काही शिकवू नये, पुढाकार त्यांच्याकडूनच यायला हवा, अशी त्यांची भूमिका होती. मुलांचं बोलणं आणि मैदानावरचे दिवस ते टिपून ठेवत. या सगळ्या उद्योगाला त्यांनी थट्टेनं 'भंगारशास्त्र' अशा अर्थाचा एक डॅनिश शब्दही घडवला. सोरेनसेन यांनी पुढे म्हटलं की आपण आयुष्यात जे काही घडवलं त्यात हे मैदान सर्वांत कुरूप आहे, तरी आपल्या लेखी तेच सर्वांत सुंदर आहे.

१९४६ साली ब्रिटनच्या उद्यानरचनाकार लेडी अॅलन यांनी एम्ड्रुप पाहिलं. लंडनमध्ये बॉम्बहल्ल्यांनी मोकळ्या झालेल्या जागा ओस पडल्या होत्या. त्या जागा मुलांना अशा का देऊ नयेत, असा लेख त्यांनी त्याच वर्षी 'पिक्चर पोस्ट' साप्ताहिकात लिहिला. १९४८ साली लंडनच्या कॅम्बरवेल भागात असं मैदान झालं. 'भंगार' हा शब्द नगरपालिकांना आणि शेजाऱ्यांना खुपायचा, म्हणून पुढे 'साहसी मैदान' हे नाव रूढ झालं.

हे वाचताना मराठी माणसाला दिवाळीतला किल्ला आठवल्याशिवाय राहत नाही. अंगणाच्या कोपऱ्यात दगड-विटांचा ढीग, त्यावर ओलं गोणपाट, त्यावर चिखल, डोंगरउतारावर पेरलेले अळीव, पायथ्याला पत्र्याच्या डब्याचं तळं. भुयार कुठून काढायचं, बुरूज किती, मावळे कुठे उभे करायचे, हे सगळं चार-पाच मुलं भांडून ठरवतात. मोठ्यांचं काम फक्त जुनी गोणपाटं देणं आणि अंगण घाण झालं म्हणून न ओरडणं. आपल्याकडे दर वर्षी आठ दिवसांचं एम्ड्रुप घरोघर भरत होतं. आता प्लास्टरचे तयार किल्ले बाजारात मिळतात आणि अंगणंही उरली नाहीत. आपण यात काय गमावलं, हे मला कोपनहेगनचा इतिहास वाचल्यावर नीट कळलं.

न येणारी मुलं

एम्ड्रुपनंतर दोनच वर्षांनी, १९४५ साली, आपल्याकडे ताराबाई मोडक (१८९२–१९७३) बोर्डीला आल्या. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम करून त्यांनी माँटेसरी पद्धत आत्मसात केली होती. १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघातही त्या अग्रभागी होत्या. शहरातलं बालशिक्षण खेड्यात आणि वस्त्यांवर न्यायचं, हा बोर्डीला येण्यामागचा हेतू. तिथे अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांना येऊन मिळाल्या. पण बालवाडी सुरू झाली तरी दलित वस्तीतली मुलं तिथवर येईनात. ताराबाईंनी त्यावर काढलेला मार्ग आज इतका सवयीचा झाला आहे की त्यातला धाडसीपणा कळत नाही. मुलं शाळेत येत नसतील तर शाळा त्यांच्या अंगणात नेऊ, असं ठरलं आणि 'अंगणवाडी' जन्माला आली. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिच्यामुळे हा शब्द देशभर गेला.

पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसोबत काम करताना हाच पेच पुन्हा आला. थोडी मोठी मुलं गुरं राखायला जात, म्हणून कुरणात शाळा भरली, ती 'कुरणशाळा'. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती आणि त्या मुलांच्या जगाशी त्यांचं नातंही नव्हतं. त्यांच्या जागी खडे, बिया, शिंपले, पानं, काड्या आल्या. अनुताईंचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे आत्मकथन मराठी वाचकांना परिचित आहेच.

इथे कुणी मुलांना कागद देऊन शाळा कशी हवी, असं विचारलं नव्हतं. मुलं फक्त आली नाहीत. त्यांच्या न येण्याला हट्ट किंवा अडाणीपणा न म्हणता, आपल्या रचनेवर त्यांनी दिलेला अभिप्राय म्हणून वाचणारी माणसं तिथे होती. सोरेनसेन यांनी रिकाम्या मैदानात जे वाचलं, तेच ताराबाईंनी रिकाम्या बालवाडीत वाचलं. लहान मूल रचनेबद्दलचं पहिलं मत बहुधा पायांनी देतं. आमच्या बागेतही मुलांनी ते दिलं होतं. आम्ही राखणदार वाढवला.

पाखरांची जत्रा

मात्र न येणं वाचणं वेगळं आणि सोबत बसून घडवणं वेगळं. एम्ड्रुपला मोठ्यांनी जागा दिली, हत्यारं दिली आणि ते बाजूला झाले. कोसबाडला मोठ्यांनी मुलांना पाहून रचना बदलली. मोठे आणि मुलं एकाच कागदावर वाकलेली आहेत, हे चित्र मला पहिल्यांदा दिसलं ते उत्तर इटलीतल्या रेज्जो एमिलिया या शहराच्या इतिहासात.

तिथली सुरुवातही १९४५ चीच. युद्ध संपून थोडेच दिवस झाले होते. शहराजवळच्या व्हिला चेल्ला या खेड्यातल्या लोकांनी जर्मन फौजा मागे टाकून गेलेला एक रणगाडा, काही मालमोटारी आणि घोडे विकले. त्या पैशातून त्यांनी लहान मुलांसाठी शाळा बांधायला घेतली. पडक्या घरांच्या विटा धुऊन वापरल्या. लोरिस मालागुत्सी (१९२०–१९९४) नावाचा तरुण शिक्षक ही बातमी ऐकून सायकलवरून बघायला गेला आणि आयुष्यभरासाठी त्यात गुंतला. १९६३ साली नगरपालिकेची पहिली बालशाळा सुरू झाली. पुढे या शाळांमध्ये 'आतेलिए' म्हणजे कार्यशाळेची खोली आणि तिथे कलेचं शिक्षण घेतलेली एक व्यक्ती, ही गोष्ट नेमाची झाली. शिक्षक मुलांचं बोलणं शब्दशः लिहून ठेवतात, चित्रं आणि छायाचित्रं भिंतीवर लावतात आणि दुसऱ्या दिवशी ते सगळं मुलांपुढे परत ठेवतात.

१९९२ साली तिथल्या ला व्हिलेत्ता शाळेत जे घडलं, ते मी कितीदा वाचलं असेल, मोजलेलं नाही. शाळेच्या अंगणात पाखरांना तहान लागते म्हणून मुलांनी आधी एक छोटं तळं केलं होतं. त्यावर बोलता बोलता कल्पना निघाली की पाखरांसाठी जत्राच भरवू, तिथे पाळणे असतील, कारंजी असतील, म्हाताऱ्या पाखरांना झाडावर जायला लिफ्ट असेल. मोठ्यांनी हसून विषय सोडला नाही. मुलांना शहरातली खरी कारंजी दाखवायला नेलं. कारंज्यात पाणी वर कसं चढतं याच्या प्रत्येकाच्या कल्पना कागदावर आल्या, मग मातीत, मग कागदी पाणचक्क्यांत. ज्या चालल्या नाहीत त्यांच्यावर चर्चा झाली. शेवटी पालकांच्या मदतीनं अंगणात खरी कारंजी आणि पाणचक्क्या उभ्या राहिल्या आणि उद्घाटनाला गाव लोटलं.

याच शहरातल्या दियाना शाळेच्या पाच-सहा वर्षांच्या मुलांनी आरिओस्तो नाट्यगृहाचा पडदा घडवला. मुलं आधी नाट्यगृह बघून आली. प्रत्येकानं स्वतःची चित्रं काढली आणि त्यांतली कुठली आकृती कुठे बसेल, कुणाचं फूल कुणाच्या प्राण्याला जोडलं जाईल, हे बोलून ठरवत एक मोठी रचना तयार केली. ती प्रत्यक्ष पडद्यावर उतरली. शाळेच्या भिंतीवर टाचलेल्या चित्राची आणि या पडद्याची तुलना करा. नाटक बघायला येणारा प्रत्येक नागरिक त्या पडद्याकडे बघत बसतो आणि पडदा मुलांचा आहे म्हणून त्याला कुणी सूट देत नाही.

पुठ्ठ्याच्या यंत्रापासून

या इतिहासाचा पुढचा धागा जिथून येतो, तिथे मूल एकही नव्हतं. नॉर्वेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला क्रिस्टन नीगार्ड या संगणकतज्ज्ञानं लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम सुरू केलं. कारखान्यात संगणक येणार होते. ते कसे असावेत हे फक्त मालकांनी आणि तंत्रज्ञांनी ठरवू नये, कामगारांनाही त्यात बोलता यावं, हा त्यामागचा विचार होता. १९८१ मध्ये 'यूटोपिया' हा प्रकल्प सुरू झाला. त्यात वृत्तपत्रांच्या छापखान्यातले कामगार आणि संशोधक एकत्र बसून पानं लावण्याची भविष्यातली यंत्रणा आखत होते. ती यंत्रं अजून अस्तित्वात नव्हती, म्हणून त्यांनी पुठ्ठ्याची खोकी मांडली. हे खोकं म्हणजे छपाईयंत्र, हा लाकडी तुकडा म्हणजे हातातलं उपकरण, असं धरून ते काम करून बघत. तांत्रिक भाषा न येणाऱ्या माणसालाही खोकं हलवता येतं आणि 'हे इथे नको, तिथे हवं' असं म्हणता येतं.

ही रीत मुलांपर्यंत आणली अमेरिकेतल्या मेरिलँड विद्यापीठात अॅलिसन ड्रुइन यांनी, १९९० च्या दशकाच्या अखेरीस. सात ते अकरा वर्षांची मुलं शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोनदा प्रयोगशाळेत येत आणि संशोधकांबरोबर मुलांसाठीची संगणकीय साधनं घडवत. तिथले नियम वाचण्यासारखे आहेत. हात वर करून परवानगी मागायची नाही. सगळ्यांना पहिल्या नावानं हाक मारायची. मोठ्यांनी औपचारिक कपडे घालायचे नाहीत आणि मुलांबरोबर जमिनीवर बसायचं. टेबलावर पिशव्या भरून सूत, पुठ्ठे, मातीचे गोळे, चिकटपट्ट्या. मुलं आणि मोठी माणसं त्यातून यंत्राचे नमुने करत. ड्रुइन यांनी आणखी एक गोष्ट मोकळेपणानं लिहिली. मोठ्यांनी हुकूम सोडणं आणि मुलांनी हुकमाची वाट बघणं, या सवयी मोडून खरी भागीदारी जमायला सहा महिने लागू शकतात.

त्यातून उभ्या राहिलेल्या कामांपैकी एक म्हणजे २००२ साली सुरू झालेलं मुलांचं आंतरराष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय. तिथे पुस्तक शोधायला लेखकाचं नाव किंवा विषय लागत नसे. मुखपृष्ठाच्या रंगावरूनही शोधता येई. आपण ग्रंथालयात जाऊन 'ते लाल पुस्तक' असं मागतो तेव्हा ग्रंथपाल हसतो. मुलं पुस्तकं तशीच लक्षात ठेवतात हे तिथे गृहीत धरलं गेलं.

मग प्रश्न आला चार ते सहा वर्षांच्या मुलांचा. ही मुलं वस्तू वाटून घेतात, कल्पना वाटून घेत नाहीत. प्रत्येकाला आपलंच हवं असतं. शिवाय गटात एक मोठ्या आवाजाचं मूल असलं की बाकीची गप्प होतात. २००४ साली मोना ली गुहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक रीत मांडली. तिला त्यांनी 'कल्पनांची सरमिसळ' अशा अर्थाचं नाव दिलं. पहिल्या टप्प्यात प्रत्येक मूल एकटं आपली कल्पना चितारतं. शेजारी एक मोठा माणूस बसतो आणि मूल जे सांगेल ते चित्रावरच लिहितो. दुसऱ्या टप्प्यात दोन-तीन मुलं आपापली चित्रं घेऊन एकत्र येतात आणि ती कापून, चिकटवून एक नवं चित्र करतात. शेवटच्या टप्प्यात सगळ्या गटांची चित्रं मिळून एक मोठी कल्पना होते. आपल्या चित्राचा तुकडा मोठ्या चित्रात कुठे आहे, हे प्रत्येक मुलाला बोटानं दाखवता येतं.

यात यंत्र नाही, खर्च नाही. कात्री, गोंद आणि लिहून घेणारा एक माणूस लागतो.

सर्वांत खालची पायरी

या वाचनात मला सर्वांत जास्त बोचलेलं पुस्तक अगदी छोटं आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली बालहक्कांचा करार स्वीकारला. मुलांशी संबंधित बाबींमध्ये मुलांना मत मांडता यावं आणि त्यांच्या वयाप्रमाणे व समजेप्रमाणे त्या मताला वजन मिळावं, असं त्याचं बारावं कलम सांगतं. भारतानं या कराराला १९९२ मध्ये मान्यता दिली. त्याच वर्षी युनिसेफसाठी रॉजर हार्ट यांनी मुलांच्या सहभागावर एक निबंध लिहिला आणि त्यात आठ पायऱ्यांची शिडी काढली. शिडीची मूळ कल्पना शेरी अर्नस्टाइन यांची. त्यांनी ती १९६९ साली मोठ्या नागरिकांसाठी मांडली होती. हार्ट यांच्या शिडीत वरच्या पायऱ्यांवर मुलं आणि मोठे मिळून निर्णय घेतात. खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत. तिसरी नावापुरता सहभाग, दुसरी शोभेची, म्हणजे मुलांना रंगीत कपडे घालून कार्यक्रमात उभं करणं. सर्वांत खालची म्हणजे मुलांचा वापर करून घेणं.

या सर्वांत खालच्या पायरीसाठी हार्ट यांनी दिलेलं एक उदाहरण वाचताना माझे हात थांबले. मुलांना त्यांच्या मनातल्या मैदानाची चित्रं काढायला सांगतात, मोठी माणसं ती गोळा करतात, पडद्याआड त्यांचं काहीतरी करतात आणि 'मुलांनी रचलेलं मैदान' म्हणून आपला नकाशा पुढे ठेवतात. चित्रांचं काय झालं, हे मुलांना कुणी सांगत नाही. आमच्या गावाचं वर्णन त्यात सहा वर्षं आधी लिहून ठेवलेलं होतं. खरं तर आम्ही त्याहून खाली होतो, कारण आम्ही चित्रं उघडूनही पाहिली नव्हती.

माझ्या बाजूनं एक आक्षेप मी स्वतःच अनेकदा घेतला आहे. पाच वर्षांच्या मुलाला काय कळतं? ते म्हाताऱ्या पाखरांसाठी लिफ्ट मागेल. त्याला बजेट कळत नाही, लोखंडाची जाडी कळत नाही, पडलं तर काय होईल हे कळत नाही. हे सगळं खरं आहे. म्हणूनच वर सांगितलेल्या कुठल्याही ठिकाणी मोठ्यांनी आपली जबाबदारी मुलांवर ढकललेली नाही. एम्ड्रुपला मैदानावर माणूस नेमलेला होता. रेज्जोला पाण्याचा दाब आणि नळ पालकांनी सांभाळले. मेरिलँडला संगणकाची आज्ञावली तज्ज्ञांनीच लिहिली. मुलांना घेतल्यानं मोठ्यांचं काम कमी होत नाही, वाढतं. मुलानं लिफ्ट मागितली तर ती देता येत नसेल, पण म्हातारं पाखरू वर कसं जाईल ही त्याची काळजी खरी असते आणि तिचं उत्तर शोधायचं असतं. माझ्या बागेत आजोबांचा हात धरून नातू येतो. त्या आजोबांना बसायला जंगलजिमपासून साठ फुटांवर बाक होता. हा प्रश्न माझ्या ड्रॉइंग बोर्डवर कधी आलाच नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा. निविदा, मंजुरी, मार्चअखेर, उद्घाटनाची तारीख. सहा महिने कोण देणार? याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. आमच्या बागेतला जंगलजिम मात्र चार वर्षांत गंजला आणि सुरक्षिततेच्या कारणानं काढून टाकला. वाचवलेला वेळ कुठे गेला, याचा हिशेब कधीतरी मांडायला हवा.

गठ्ठा

गेल्या वर्षी दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरचा तो गठ्ठा खाली काढला. दोरी सोडली आणि पंचवीस वर्षांनी पहिल्यांदा एकेक चित्र नीट पाहिलं. मोजली तर एकशे त्रेचाळीस निघाली. बऱ्याच चित्रांत झोपाळा आणि घसरगुंडी होती, कारण मुलांनी बाग म्हणून तेच पाहिलेलं होतं. पण एकतीस चित्रांत माती, वाळू किंवा पाण्याचा ओहोळ होता. नऊ चित्रांत कुत्रा होता. आमच्या बागेच्या फाटकावर कुत्र्यांना मनाई असल्याची पाटी होती. तिसरीतल्या एका मुलीनं बागेत चूल काढली होती. वाळूचा ढीग मुलांनी उद्घाटनाच्या आधीच सांगितला होता. तो बघायला मला कुंपणापर्यंत जायची गरज नव्हती.

गठ्ठ्यात बालवाडीतल्या मुलांची चित्रं सर्वांत खाली होती. त्यांपैकी एक मी बाजूला काढून ठेवलं आहे. कागदाच्या मध्यभागी एक मोठा निळा गोल आहे, त्यातून पाच रेघा बाहेर गेल्या आहेत आणि प्रत्येक रेघेच्या टोकाला एक ठिपका. मागे शिसपेन्सिलीनं बाईंच्या अक्षरात मुलाचं नाव आणि 'लहान गट' एवढंच लिहिलेलं. मी ते उलटसुलट करून पाहिलं. विहीर असेल आणि पाणी काढणारी पाच माणसं. भोवरा असेल. सूर्य निळा असेल. तळं असेल आणि त्याभोवती त्याचे पाच मित्र. त्या वेळी कुणीतरी त्याच्या शेजारी दोन मिनिटं बसून, हे काय आहे, असं विचारून तिथेच लिहून ठेवलं असतं, तर आज मला ते वाचता आलं असतं.

तो मुलगा आता तिशीच्या आसपास असेल. त्याला शोधून विचारलं तरी त्याला आठवणार नाही.